न पोळणारं ऊन

तृप्ती भोयरने नणंदेच्या पाठीवरचा तीळ पहिल्यांदा पाहिला तो चार डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. ही वेळ तिला पुढे बऱ्याच लोकांना सांगावी लागली, पण तेव्हा ती काही लक्षात ठेवण्यासारखी वेळ नव्हती. चैताली पेटीशेजारच्या बाकावर पालथी झोपली होती, आणि तृप्ती हातमोजे घालून तिच्या पाठीला लेप लावत होती. डाव्या खांद्याखाली बोट अडखळलं. मसुराच्या दाण्याएवढा तीळ. एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला तपकिरी, आणि कड सरळ नाही. टिपकागदावर शाई फुटावी तशी. तृप्तीचा हात त्याच्यावरून दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

“काय झालं, वहिनी?”

“काही नाही. हो सरळ.”

चैताली पेटीत जाऊन झोपली. तृप्तीने झाकण खाली ओढलं आणि दिवे लावले.

ही गोष्ट दोन हजार सेहेचाळीस सालची. त्या काळी नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच रस्त्यावर उतरायला बंदी असे. पाच वाजता भोंगा वाजला की लोक बाहेर पडत. उरलेले आठ महिनेही माणसांना घरातच राहायची सवय जडली होती. शाळा तळघरात, दुकानं छताखाली, खेळ दिव्यांच्या उजेडात. दहाएक वर्षांत त्याचा परिणाम हाडांवर दिसू लागला. मुलांचे पाय वाकायचे, तिशीतल्या बायकांची मनगटं साध्या घसरण्याने मोडायची. वॉर्डातल्या दवाखान्यात व्हिटॅमिन डीचे थेंब फुकट मिळत, पण थेंब घ्यायला लोक विसरत. मग किरणघरं आली. आत गारवा, मंद संगीत, काचेची लांबट पेटी. आत झोपायचं, सहा मिनिटं ऊन घ्यायचं आणि घरी जायचं.

अशा पेट्या जगात आधीही होत्या, आणि त्यांच्यामुळे कातडीचा कॅन्सर होतो हेही जुनंच ज्ञान होतं. नवा होता तो लेप. अतिनील किरण पेशीत शिरले की डीएनएच्या शिडीतल्या शेजारच्या दोन पायऱ्या एकमेकींना चिकटतात. पेशीची नक्कल होताना तिथे चूक होते, आणि अशा चुका साचत गेल्या की एखादी पेशी बेताल वाढू लागते. मासे, झाडं, अगदी कांगारूसुद्धा ही चिकटलेली जोडी एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने झटक्यात सोडवतात. आपल्या शाखेतल्या सस्तन प्राण्यांनी ते विकर कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. आपल्याकडे दुरुस्तीची दुसरी सोय आहे, पण ती संथ आहे आणि कधीकधी चुकते. शास्त्रज्ञांनी ते हरवलेलं विकर बनवण्याची कृती चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून लेपात घातली. लेप लावला की माणसाच्या कातडीत काही तासांपुरतं ते विकर तयार होई आणि चिकटलेल्या पायऱ्या सोडवत सुटे.

लेप खोटा नव्हता. पुढे तृप्तीला कोणीही काहीही विचारलं तरी ती आधी हे सांगायची. लेप सांगितलेलं काम चोख करत होता. लेप लावलेल्या माणसाची कातडी लाल होत नसे, पोळत नसे, सोलवटत नसे. लोक म्हणत, हे न पोळणारं ऊन आहे.

तृप्ती तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. आधी एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. किरणघर सुरू झालं तेव्हा तिने तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि मात्रा देण्याचं काम धरलं. कोणाला किती मिनिटं द्यायची हे ती ठरवायची. पूर्वी हे ठरवायला सोपी खूण होती. दुसऱ्या दिवशी किंचित लाली आली की मात्रा पुरेशी झाली, त्यापुढे जायचं नाही. लेपाने ती खूणच पुसली होती. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी हे एकदा वर्गात बोलून दाखवलं होतं. “विस्तव हाताला लागला की आपण हात मागे घेतो. उद्या हाताला चटकाच बसला नाही तर?” त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. तृप्तीने ते वहीत लिहून घेतलं होतं.

चैताली म्हणजे तिच्या नवऱ्याची, सारंगची, धाकटी बहीण. लग्न करायचं नाही हे तिने विसाव्या वर्षीच जाहीर केलं होतं आणि आईबरोबर राहत होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात तिची नोकरी होती. खोली जमिनीखाली, खिडकी नाही. बेचाळीस सालच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि सकाळी सातच्या आत गच्चीत अर्धा तास फिरायला सांगितलं.

तृप्ती तिला भेटायला गेली तेव्हा चैताली एका हाताने वाटाणे सोलायचा प्रयत्न करत होती. तृप्तीने परात ओढून घेतली.

“थेंबांनी सहा महिने लागतील म्हणतात,” चैताली म्हणाली. “ऑफिसातल्या मुली किरणघरात जाऊन राहिल्या. तुम्ही तिथंच आहात. तुम्हीच सांगा, जाऊ का नको?”

तृप्तीच्या मनात उत्तर तयार होतं. थेंब घे, गच्चीत फिर, सहा महिने धीर धर. पण तोवर तिने शेकडो लोकांना पेटीत झोपवलं होतं. नणंदेला नको म्हणायचं म्हणजे त्या शेकडोंना आपण काय देतो हा प्रश्न स्वतःला विचारायचा. तो प्रश्न तिला नको होता.

“जा की,” ती म्हणाली. “लेप असतो. काही होत नाही.”

“तुम्ही घेता?”

“घेते ना. दर आठवड्याला.”

ती एकदाही पेटीत झोपलेली नव्हती. सकाळी गच्चीत पाणी घालताना अंगावर येईल तेवढंच ऊन ती घ्यायची. वाटाणे सोलता सोलता ती हे सहज बोलून गेली. एखाद्या पाहुणीला आपण जेवून आलो असं सांगावं इतक्या सहज.

चैताली हाडांसाठी आली आणि रंगासाठी राहिली. तिच्या लहानपणी आजी तिला हळद-साय चोळायची, उन्हात जाऊ द्यायची नाही. आता उलटं झालं होतं. घरात कोंडलेल्या शहरात बाकी सगळे फिकट, पिवळट दिसत. ज्याला डोंगरात, समुद्रावर जायला परवडतं त्याच्याच अंगावर उन्हाचा तांबूस-सावळा रंग, म्हणून तो रंग आरोग्याचा आणि ऐपतीचा मानला जाऊ लागला. चैताली आरशात बघायची तेव्हा खूश दिसायची. दुसऱ्या वर्षी किरणघर चालवणाऱ्या कंपनीने पेट्यांतले दिवे बदलले. रंग निम्म्या वेळात चढू लागला आणि किरणघरापुढे गर्दी वाढली.

दिवे बदलले त्या दिवशी तृप्तीने नेहमीप्रमाणे किरणमापक पेटीत ठेवून नोंद घेतली. आकडे बघून ती थबकली. अतिनील किरण दोन जातींचे. आखूड लहरींचे किरण कातडीत व्हिटॅमिन डी तयार करतात आणि पोळवतात. लांब लहरींचे किरण खोल जातात, रंग पटकन आणतात, पण व्हिटॅमिन डी तयार करण्याच्या कामाचे नाहीत. डीएनएच्या पायऱ्या चिकटवण्यापेक्षा ते पेशीत ऑक्सिजनचे पिसाळलेले कण निर्माण करतात, आणि ते कण डीएनएचे लचके तोडतात. लेपातलं विकर चिकटलेलं सोडवत असे. तोडलेलं सांधणं त्याला येत नव्हतं. नव्या दिव्यांत जवळजवळ सगळे किरण दुसऱ्या जातीचे होते.

तिने व्यवस्थापक खानझोडे सरांना आकडे दाखवले.

“लोक हाडं सुधारायला येतात सर, आणि हे दिवे तर फक्त रंग देतील.”

“तक्रार आली का कोणाची?” खानझोडेंनी विचारलं. “कोणी भाजलं?”

“भाजणार नाहीच ना. लेप आहे.”

“मग तेच तर. लेप आहे.” ते चष्मा पुसत हसले. “तू फार विचार करते, तृप्ती. आपल्या लोकांना कातडीचा कॅन्सर होत नसतो. तो गोऱ्यांचा रोग.”

हे अर्धं खरं होतं. सावळ्या कातडीला तो कमी होतो. होतच नाही, असं नाही. तृप्तीला हेही माहीत होतं. तिने आकडे फाइलला लावले आणि जेवायला गेली.

पेटी सहा मिनिटांनी आपोआप बंद होई. वेळ वाढवायची तर मात्रा देणाऱ्याला काचेवर अंगठा लावावा लागे. पहिल्यांदा चैतालीने मागितली ती दोन मिनिटं. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं. “वहिनी, अजून थोडं, प्लीज. घरचंच तर आहे.” तृप्तीने अंगठा लावला. पुढे विचारावंही लागेनासं झालं. चैताली दर पंधरा दिवसांनी मंगळवारी यायची, तृप्ती पाठीला लेप लावायची, सहा मिनिटांनंतर अंगठा लावायची. बाकी ग्राहकांना ती असं करत नसे. नणंदेवर आपली एवढी तरी मेहेरबानी असावी, असं काहीसं तिला वाटे. सासरी तिला कोणी फारसं काही मागत नसे.

आणि मग तो डिसेंबरातला मंगळवार.

किरणघराच्या भिंतीवर एक तक्ता होता. कसा तीळ साधा, कसा दाखवायचा, चित्रांसकट. मात्रा देणाऱ्याला असा तीळ दिसला तर पेटी थांबवून फॉर्म भरायचा नियम होता. फॉर्मवर ग्राहकाला आजवर दिलेली मिनिटं लिहायची, आणि वाढवलेली मिनिटं कोणाच्या अंगठ्याने वाढली तेही. चैताली पेटीत असताना तृप्ती त्या तक्त्यापुढे उभी राहिली. तिसरं चित्र अगदी तसंच होतं. तिने फॉर्मचा खण उघडला आणि बंद केला. चैतालीला जन्मापासून किती तीळ आहेत, हाही त्यातलाच एखादा असेल. पुढच्या वेळी नीट बघू.

पुढच्या वेळी तिने नीट बघितलं नाही. बोटं त्या जागेजवळ आली की ती नजर वर भिंतीकडे न्यायची. जानेवारीत तीळ बोटाला उंच लागू लागला. मार्चमध्ये चैताली म्हणाली, पाठीला खाज येते, लेप बदलला का? तृप्ती म्हणाली, उन्हाळा आहे. घरी आल्यावर ती भाजी चिरता चिरता थांबायची. सारंग विचारायचा, काय झालं? ती म्हणायची, काही नाही. सांगायला जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता तिळाबरोबर उशीरही सांगावा लागणार होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई कपडे धूत असताना त्यांना चैतालीच्या कुडत्याला पाठीकडे रक्ताचा डाग दिसला. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर चैताली आईला घेऊन तृप्तीकडे आली.

“बघा ना वहिनी, पाठीवर काय आहे. आईला तर काही दिसतच नाही.”

तृप्तीने तिला खिडकीशी उभं केलं आणि कुडता वर केला. तीळ आता वाटाण्याच्या दाण्याएवढा झाला होता, वर खपली धरलेली. सारंग मागे उभा होता. सासूबाई दारात होत्या. तिघं तिच्या बोलण्याची वाट बघत होते.

“हे कधीपासून आहे?” तृप्तीने विचारलं.

आपल्याच तोंडून निघालेलं ते वाक्य तिने ऐकलं. आयुष्यात ती पुष्कळदा खोटं बोलली असेल, पण इतकं स्वच्छ खोटं कधी बोलली नव्हती.

“मला काय माहीत,” चैताली म्हणाली. “पाठ कोणाला दिसते?”

आठवड्याभरात तुकडा काढून तपासून झाला. त्वचाकर्करोग. त्यातला मेलानोमा नावाचा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा, पसरणारा. डॉक्टर शबाना काझी वयाने पन्नाशीच्या, हळू आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. समोर चैताली, सारंग आणि तृप्ती बसले होते.

“जाडी अडीच मिलिमीटर आहे,” त्या म्हणाल्या. “या रोगात सगळं जाडीवर असतं. आजूबाजूची कातडी काढू, काखेतली एक गाठ तपासू. मग औषधं. आता चांगली औषधं आहेत.”

“पेटीमुळे झालं का हे?” सारंगने विचारलं.

“एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. यांना तो तीळ तसाही बिघडला असता का, हे मला कळायला मार्ग नाही. एवढं सांगते, गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे असे एकोणीस रुग्ण आले. त्याआधी वर्षाला एखादा यायचा. एकोणीसपैकी सतरा किरणघरात जाणारे.” त्यांनी कागद बाजूला ठेवला. “चार-पाच महिन्यांपूर्वी आला असता तर एक मिलिमीटरच्या आत असता बहुतेक. नुसता कापून काम झालं असतं. कोणी बघितला नाही का?”

“कोण बघणार, डॉक्टर?” चैताली म्हणाली. “माझ्या वहिनी स्वतः पाठीला लेप लावतात. त्यांनाही नाही दिसला, तर दुसऱ्या कोणाला काय दिसेल?”

ती तृप्तीचा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी तृप्तीकडे पाहिलं.  तृप्तीने मान खाली घातली आणि हात तसाच चैतालीच्या हातात राहू दिला.

शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठीत रोगाच्या पेशी सापडल्या. त्या दिवशी तृप्ती दवाखान्यात चैतालीजवळ बसली होती. खिडकीबाहेर रस्ता पांढराफटक, रिकामा. चैतालीच्या बगलेतून एक नळी निघून बाटलीत जात होती.

“मी पाहिला होता,” तृप्ती म्हणाली.

“काय?”

“तीळ. चार डिसेंबरला पाहिला. तेव्हाच मला कळलं होतं की तो दाखवायला पाहिजे. बोलले नाही. फॉर्म भरावा लागला असता, आणि जास्तीची मिनिटं मी दिली होती, ते निघालं असतं. आणि मी कधी पेटीत गेलेले नाही, चैताली. घेते म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मला भीती वाटायची.”

चैतालीने नजर छताकडे वळवली.

“किती वेळा?” तिने विचारलं.

“काय किती वेळा?”

“डिसेंबरपासून आतापर्यंत किती वेळा पाहिला?”

तृप्तीला मोजावं लागलं नाही. “अकरा.”

“तुम्ही घरी जा आता,” चैताली म्हणाली.

पाच वाजेपर्यंत बाहेर पडता येणार नव्हतं. तृप्ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि भोंगा होईपर्यंत बसून राहिली. आतून हाक आली नाही.

त्याच संध्याकाळी तिने सारंगला सांगितलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “मला तरी सांगायचं होतं.” मग तो आईकडे राहायला गेला. पंधरा दिवसांनी परत आला, पण जेवताना पूर्वीसारखा बोलायचा नाही. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

जुलैत आरोग्य खात्याने किरणघरांच्या चौकशीसाठी समिती बसवली. खानझोडेंनी तृप्तीला बोलावून घेतलं.

“वाढीव मिनिटांचा प्रश्न निघणार,” ते म्हणाले. “आपण तिथं ‘ग्राहकाच्या आग्रहावरून’ असं लिहून राहिलो. तुझं नाव येणार नाही. आणि तसं ते खोटं थोडंच आहे? तुझ्या नणंदेने मागितलीच होती ना मिनिटं?”

“मागितली होती.”

“मग झालं तर.”

किरणघरापासून घरापर्यंतच्या वाटेवर तृप्तीला हे बरोबर वाटत राहिलं. चैतालीने मागितलं होतं, ती सज्ञान होती, भिंतीवर तक्ता होता. घराचं कुलूप काढताना तिला कळलं की आपण हेच डिसेंबरपासून करत आलो आहोत. प्रत्येक वेळी काहीतरी खरं शोधून काढायचं आणि त्याच्या आड उभं राहायचं.

समितीपुढे तिने सगळं सांगितलं. दिव्यांचे आकडे, ते कोणाला दाखवले, उत्तर काय मिळालं, आणि स्वतःच्या अंगठ्याने वाढवलेली मिनिटं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी विचारलं, “ग्राहकाने आग्रह केला होता?”

“तिला धोका माहीत नव्हता. मला माहीत होता. मागणारीला माहीत नसेल तर त्याला आग्रह म्हणता येणार नाही.”

“तुम्हाला परिणामांची कल्पना आहे ना? तुमचा परवाना जाईल.”

“हो.”

परवाना पाच वर्षांसाठी गेला. शहरातल्या सगळ्या पेट्यांमधले नवे दिवे काढायचा आदेश निघाला. लेपावर बंदी आली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जुन्या दिव्यांसह, काही रोगांसाठी तो वापरायचं ठरलं. किरणघरांनी रंग द्यायचं बंद केलं आणि त्यातली निम्मी बंद पडली. वर्तमानपत्रात तृप्तीचं नाव धाडसी साक्षीदार म्हणून छापून आलं. तिने तो अंक घरात ठेवला नाही. ज्या कामाला लोक धाडस म्हणत होते त्याला सात महिने उशीर झाला होता, आणि तो उशीर दुसऱ्याच्या काखेतून काढावा लागला होता.

चैतालीच्या रोगाच्या पेशींवरून तिच्यासाठी खास लस बनवली गेली. दर तीन आठवड्यांनी टोचून घ्यायची. ताप यायचा, अंग मोडून यायचं. तृप्तीला हे सारंगकडून कळायचं. ती जाऊन भेटली नाही. भेटायला जावं आणि तिने दार लावून घ्यावं, याची तिला भीती नव्हती. तिने दार उघडून चहा करावा, याची होती.

ऑक्टोबरमध्ये फोन आला.

“रविवारी सकाळी सातला येता का?” चैतालीचा आवाज कोरडा होता. “डॉक्टर म्हणाल्या, कॅमेऱ्याने त्या तीन महिन्यांनी बघतील. पण मधल्या काळात महिन्याला एकदा घरच्या माणसाने सगळी कातडी बघायची. पाठ मला दिसत नाही. आईचे डोळे तुम्हाला माहीत आहेत.”

“सारंगला सांगू?”

“दादाला काय कळतं? तुम्ही या.”

तृप्ती गेली. चैताली सकाळच्या उजेडात खिडकीशी पाठ करून बसली. शस्त्रक्रियेची खूण डाव्या खांद्याखालून काखेपर्यंत वळत गेली होती. तृप्तीने एकेक तीळ मोजपट्टीने मोजून डॉक्टरांनी दिलेल्या शरीराच्या आकृतीवर मांडला. मानेपासून कंबरेपर्यंत त्रेसष्ट भरले. मग हात, पायांचे तळवे, बोटांच्या बेचक्या, केसांचा भांग. पाऊण तास लागला.  चैतालीने कुडता खाली केला आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात दुसरा रविवार.” चहा तिने विचारला नाही. तृप्तीला बरं वाटलं.

असे पाच रविवार झाले. मार्चमधल्या रविवारी तृप्तीची पट्टी उजव्या कंबरेपाशी थांबली.

“इथे एक आहे,” ती म्हणाली. “मागच्या वेळी नव्हता.”

चैतालीची पाठ ताठ झाली. “केवढा?”

“मोहरीएवढा. तेवढाही नाही. रंग सारखा आहे, कडही गोल आहे. चल, दाखवून येऊ.”

“आज रविवार आहे. ओपीडी बंद.”

“तातडीचा विभाग उघडा असतो.”

“मोहरीसाठी तातडीचा विभाग?”

“हो,” तृप्ती म्हणाली. ती चप्पल घालत होती.

चैतालीने पूर्ण बाह्यांचा कुडता घातला, रुंद काठाची टोपी घेतली, मानेला आणि हाताला सनस्क्रीन लावलं. रिक्षाने पोचायला आणि नंबर लागायला नऊ वाजले. कामावरच्या तरुण डॉक्टरने भिंगातून बघितलं, फोटो काढून काझी बाईंना पाठवला. उत्तर यायला तासभर गेला. साधा तीळ आहे, काळजी नको, पण बरं केलं आणलंत ते.

तोवर दहा वाजून गेले होते. बाहेर पडायला बंदी लागू झाली होती. पाच वाजेपर्यंत दोघींना दवाखान्याच्या ओसरीतच थांबावं लागणार होतं. भिंतीला टेकून त्या एका बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. कॅन्टीनमधून तृप्तीने उपमा आणला. चैतालीने अर्धा खाल्ला.

“मी तुम्हाला माफ नाही केलं,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“पुढं करीन असंही वाटत नाही. कधीकधी वाटतं केलं, आणि मग ते अकरा मंगळवार आठवतात. तुमचा हात माझ्या पाठीवर होता, वहिनी. मी डोळे मिटून झोपलेली असायची.”

 बोलण्यासारखं काही असतं तर तृप्तीने गेल्या दहा महिन्यांत ते शोधून काढलं असतं.

“मग मला काहून बोलावते?” तिने विचारलं. “नर्स मिळते या कामाला.”

“आली होती एक सप्टेंबरमध्ये. चांगली होती. पाच मिनिटांत झालं म्हणाली, सगळं ठीक आहे.” चैतालीने टोपी मांडीवर काढून ठेवली. “तुमचा हात थरथरतो पट्टी धरताना. मला पाठीवर कळतं. एकेका तिळाशी तुम्ही घाबरता. मला पाठ बघायला घाबरणारंच माणूस पाहिजे.”

तिने उरलेल्या उपम्याची प्लेट मधल्या रिकाम्या जागेवर सरकवली. तृप्तीने ती उचलली आणि सावकाश खाऊ लागली. पाच वाजायला अजून सहा तास होते.